कच्चे मडके आणि फुटके मडके



आपल्या शहापूर-मुरबाड भागातील काही शाळांतून आणि आश्रमशाळांतून अलीकडे एक नवा पाठ सुरू झाला आहे. शालेय मंत्रिमंडळावर निवडलेल्या आठवी-नववीच्या मुलामुलींना पुढारपण कसे करावे ते शिकवतात आणि सत्र संपताना त्यांच्या हाती एक तक्ता देतात. मी दुसऱ्याचे ऐकून घेतो का? दिलेला शब्द पाळतो का? चुकलो तर कबूल करतो का? प्रत्येक प्रश्नापुढे ‘नेहमी’, ‘कधी कधी’ आणि ‘क्वचित’ असे तीन रकाने. खूण मुलाने स्वतःच करायची. याला स्वयंमूल्यमापन म्हणतात. सप्ताहात हरिपाठाला येणारी पोरे हा कागद दाखवून विचारतात, “बुवा, इथे काय लिहू?”

प्रश्न लहान दिसतो, पण तो शाळेने काढलेला नाही. पुढे उभ्या राहणाऱ्याने स्वतःकडे कसे पाहावे, आणि जे दिसेल ते कोणापुढे सांगावे, हे आपल्या संप्रदायात सातशे वर्षे विचारले जात आहे. त्या इतिहासातील काही ठिकाणे आज आपण पाहू. नातवंडांना उत्तर देताना ती उपयोगी पडतील.

पहिले ठिकाण आपणा सर्वांच्या ओळखीचे आहे. संतमंडळी बसली असता मुक्ताबाईने गोरोबाकाकांचे थापटणे पाहून हे कशासाठी म्हणून विचारले. मडके भाजले की कच्चे राहिले ते यावरून कळते, असे काकांनी सांगितले. मग आम्हा मडक्यांचीही परीक्षा करा, असे ती म्हणाली. काकांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे ठेवले. सगळे शांत बसले, नामदेवरायांना मात्र राग आला. काका म्हणाले, हे मडके कच्चे आहे. महिपतिबुवांनी १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ पुरा केला. त्यातून आणि कीर्तनांतून ही कथा घरोघर गेली.

कथा ठाऊक आहे म्हणून आपण तिच्यावरून भरभर जातो. जरा थांबून पाहा. त्या दिवशी नामदेवरायांच्या हाती शाळेतला तक्ता दिला असता तर त्यांनी काय भरले असते? सगळीकडे ‘नेहमी’. ज्यांच्या हातचा नैवेद्य प्रत्यक्ष विठ्ठलाने खाल्ला, त्यांनी दुसरे काय लिहावे? ते खोटे बोलले नसते. त्यांना तसेच वाटत होते. स्वतःची परीक्षा स्वतः घेण्यात ही मोठी अडचण आहे. जे आपल्याला दिसतच नाही ते आपण लिहिणार कुठून? त्यासाठी आधी शेजारच्याने थापटणे लावावे लागते. आणि शेजारीही कोण, तर ज्याला आपल्याला वर चढवायचे नाही की खाली पाडायचे नाही, असा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. काका ‘कच्चे’ म्हणाले, ‘फुटके’ म्हणाले नाहीत. कुंभाराच्या घरी या दोन शब्दांत फार अंतर आहे. फुटके मडके उकिरड्यावर जाते, कच्चे आव्यात जाते. कच्चे म्हणजे माती चांगली आहे, घडणही झाली आहे, आच तेवढी राहिली आहे. नामदेवरायांना कोणी पंक्तीतून उठवले नाही. विठ्ठलाने त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवले आणि राहिलेली आच तिथे मिळाली. पुढे हेच नामदेवराय पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांची ६१ पदे आज गुरुग्रंथसाहिबात आहेत. ‘कच्चे’ हा शब्द ऐकून ते घरी बसले असते तर?

आता दुसरे ठिकाण पाहू, वारीच्या वाटेवरचे. आपल्याकडे आषाढात भातलावणी असते, म्हणून आपल्यापैकी पुष्कळांची वारी कार्तिकात नाहीतर माघात होते. पण ज्यांनी माउलींचा आषाढीचा सोहळा पाहिला आहे त्यांना समाजआरती आठवेल. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास त्या सोहळ्याला शिस्त लावली. मुक्कामी पोचल्यावर दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. चोपदार चोप उंच करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. फक्त ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल तिचे टाळ वाजत राहतात. चोपदार तिथे जातात, ऐकतात, निवाडा होतो, मग आरती. पुढारपणाची परीक्षा इथे रोजच्या रोज होते. तिला कागद लागत नाही. ‘मी ऐकून घेतो का’ हा प्रश्न चोपदाराला कोणी विचारत नाही. टाळ वाजत राहिले की त्याला जावेच लागते. विणेकऱ्याचेही तसेच. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालताना देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. पुढे उभे राहण्याचा मान आपला नाही, काही वेळापुरता आपल्याकडे आहे, हे त्या वाकण्यातून अंगात मुरते.

तिसरे ठिकाण संतांच्या स्वतःच्या शब्दांचे. संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात आपले आत्मनिवेदन अभंगांतून सांगितले. घरातला छळ, मनातली तगमग, तुकोबारायांचा ध्यास, काही झाकले नाही. तुकोबारायांच्या गाथेतही स्वतःला बोल लावणारे अभंग किती आहेत ते आपण जाणता. पण हे निवेदन कोणापुढे आहे? विठ्ठलापुढे. तो गुण देत नाही, क्रमांक लावत नाही आणि ऐकलेले दुसऱ्याला जाऊन सांगत नाही. तो टाकणार नाही ही खात्री आहे, म्हणून इतके खरे बोलता आले. ज्याच्यापुढे आपले वजन कमी होण्याचे भय असते, त्याच्यापुढे माणूस तोलूनमापून बोलतो.

संप्रदायात पुढारी घडवायची पाठशाळा म्हणावी तर ती आळंदीची. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यासक्रम. पण गळ्यात वीणा येण्याआधी विद्यार्थी वर्षानुवर्षे मागे टाळ धरून उभा राहतो, दुसऱ्याच्या चालीला चाल देतो. मागे उभे राहिल्याशिवाय पुढच्याचे काय चुकते आणि का चुकते ते कळत नाही. जोग महाराजांचे शिष्य सोनोपंत दांडेकर (१८९६–१९६८) हे आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातले, केळवे-माहीमकडचे. पुण्यात सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य आणि तरी फडावरचे कीर्तनकार. शाळा आणि वारी या दोन वाटा एकाच माणसाच्या पायाखाली येऊ शकतात, हे त्यांनी दाखवले.

आता हायस्कुलाकडे येऊ. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ मध्ये साने गुरुजी शिक्षक झाले आणि वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे आले. ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून मुलांपुढे ठेवत. मुलांचे पसरलेले अंथरूण, मळलेले कपडे पाहून ते रागे भरत नसत. स्वतःच आवरून ठेवत, धुऊन ठेवत. संध्याकाळी खोलीत आलेल्या मुलाला काय वाटत असेल? त्याचा तक्ता आपोआप भरला जात असेल. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. तिची मांडणी आठवा. आश्रमात सायंप्रार्थना झाली की श्याम सोबत्यांना गोष्ट सांगतो, आणि पोहायला भिऊन लपलेला, आईच्या हातचा मार खाल्लेला मुलगा म्हणजे तो स्वतःच असतो. ज्याला मुलांपुढे उभे राहायचे आहे त्याने आधी आपले सांगितले.

याच गुरुजींनी पुढे आपल्यालाच तक्ता दिला. पंढरीचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ ला त्यांनी पंढरपुरात उपोषण सुरू केले. ते १० मे रोजी सुटले आणि विठुरायाचे दार उघडले. चोखोबांचे अभंग आपण शतकानुशतके गात होतो, पण चोखोबांच्या लेकरांना आत घेतो का, या प्रश्नापुढे खूण करायला इतकी वर्षे लागली. म्हणून मुलांच्या कागदाला हसण्याआधी आपण आपलाही कागद काढून पाहावा.

पुढारपणासाठीच मुले निवडून घडवण्याचा प्रयोग पुण्यात आप्पासाहेब पेंडसे यांनी केला. १९६२ मध्ये त्यांनी ज्ञान प्रबोधिनी काढली. तिथे किशोरवयात विद्याव्रत संस्कार होतो. मुलामुलींनी आपल्या शरीराचा, मनाचा, बुद्धीचा विचार करायचा आणि समजून-उमजून व्रत घ्यायचे. सरकारी पातळीवर २०१० मध्ये पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. शिक्षकाने मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी करायच्या, असा त्याचा हेतू. हेतू चांगला होता, पण थोड्याच काळात नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात मिळू लागल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपुस्तकात मुलाने स्वतः केलेले आणि सोबत्यांनी केलेले मूल्यमापनही असावे असे म्हटले आहे. म्हणजे हा कागद आता सगळ्या शाळांत येत जाणार.

म्हणून त्यातला धोका आत्ताच ओळखला पाहिजे. मुलांचे भरलेले तक्ते मी पाहतो. चुणचुणीत, बोलका मुलगा सगळीकडे ‘नेहमी’ लिहितो. जेवणाच्या रांगेत लहानग्यांना आधी वाढून शेवटी बसणारी कातकऱ्याची किंवा ठाकराची पोर ‘मी सर्वांची काळजी घेते का’ यापुढे ‘कधी कधी’ लिहिते, कारण एक दिवस एक मूल उपाशी झोपले होते हे तिच्या मनातून गेलेले नसते. आता कागदाची बेरीज केली तर कोण पुढारी ठरेल? खळ्यावर उफणताना आपण पोचट दाणे कोणते आणि भरलेले कोणते ते वाऱ्यावर सोडून पाहतो. दाण्याला विचारत नाही. खरे लिहिणाऱ्या मुलाला खरेपणाचा तोटा झाला, की पुढल्या वर्षी तेही ‘नेहमी’ लिहायला शिकते. ज्या घरातले पहिलेच मूल शाळेत गेले आहे, त्याला तर ‘मी कमी आहे’ हे जगाने आधीच पुष्कळदा सांगितलेले असते. त्याने स्वतःच्या हाताने तेच लिहावे आणि ते दप्तरात कायम राहावे, यासारखी दुसरी हानी नाही.

ही अडचण आपल्याकडचीच आहे असे नाही. अमेरिकेत अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन नावाचा मोठा गृहस्थ होऊन गेला. त्याने १३ सद्गुणांचा तक्ता केला होता आणि जिथे चुकेल तिथे रोज काळा ठिपका द्यायचा. म्हातारपणी त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले की अहंकार काही केल्या जात नाही. तो गेला असे वाटलेच, तर आपल्या नम्रतेचाच अहंकार होईल. माउली, हे आपल्या कोणत्याही फडावर सांगितले तरी श्रोते मान डोलावतील.

मग पोरांना सांगायचे काय? मी सांगतो ते असे. बाळा, कागद खरा भर. जिथे कमी आहे तिथे कमी लिही, आणि त्याखाली एक ओळ लिही की यासाठी मी उद्या काय करणार. ‘कधी कधी’ लिहिले म्हणून तू फुटका ठरत नाहीस. आणि जे कागदावर लिहिण्याजोगे नाही ते ज्याच्यावर भरवसा आहे त्याला सांग, नाहीतर विठोबाला सांग.

शिक्षकांना माझी विनंती आहे. या कागदाला गुण देऊ नका, वर्गात मोठ्याने वाचू नका, आणि मुलांच्या आधी आपला स्वतःचा भरून त्यांना दाखवा. गावोगावच्या भजनी मंडळांना आणि सप्ताह कमिट्यांनाही तेच सांगणे आहे. काल्याच्या कीर्तनानंतर हिशेब मांडताना पैशाबरोबर एवढेही विचारा की या सात दिवसांत कोणाचे टाळ वाजत राहिले आणि आपण तिकडे गेलो नाही. मोठी माणसे असे विचारताना दिसली, तर शाळेतल्या मुलांना तो कागद भरायला शिकवावे लागणार नाही.

रामकृष्णहरी.