मोटारीतील ध्वनिसंच व बॅटरीचा ऱ्हास : खानदेशच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
१९०६ साली खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन धुळे हे पश्चिम, तर जळगाव हे पूर्व खानदेशचे मुख्य ठिकाण झाले. मुंबई-आग्रा मार्ग धुळ्यावरून जातो. सुरत-नागपूर मार्ग दोन्ही शहरांना जोडतो. या मार्गांवरील गॅरेजमध्ये एक तक्रार नित्याची असते : रात्री उभी केलेली गाडी सकाळी चालू होत नाही. मालक नवी बॅटरी घेतो आणि थोड्याच दिवसांत तीही उतरते. या बिघाडाचे मूळ ध्वनिसंचाच्या इतिहासात कसे सापडते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
प्लान्टे यांनी १८५९ मध्ये शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत विद्युत स्टार्टर आला आणि गाडी सुरू होणे बॅटरीवर अवलंबून राहू लागले. १९३० च्या दशकात मोटारीत रेडिओ रुजला. त्यातील व्हॉल्व्ह कित्येक अँपिअर प्रवाह घेत. परंतु बटण बंद करताच तो भार संपत असे. १९५५ च्या सुमारास ट्रान्झिस्टरचा रेडिओ मोटारीत आल्यावर हा भार पुष्कळ घटला. १९७६ मध्ये जळगावला आकाशवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा अशा संचांचे युग होते. पुढे घड्याळ व केंद्रांची स्मृती असलेले इलेक्ट्रॉनिक संच आले. स्मृती टिकविण्यासाठी त्यांना गाडी बंद असतानाही वीज लागते. अशा रीतीने उघड दिसणारा भार अदृश्य झाला.

बिघाडाचे स्वरूप :
अशा संचाची पिवळी तार बॅटरीला कायम जोडलेली असते, तर लाल तार किल्लीवर चालते. किल्लीविना गाणी ऐकता यावीत म्हणून दोन्ही तारा एकत्र जोडल्यास अनेक संच पूर्ण विश्रांती घेत नाहीत. अॅम्प्लिफायरला जागविणारी तार कायम प्रवाहाला जोडल्यास तोही रात्रभर चालू राहतो. निव्वळ स्मृतीसाठी ०.०३ अँपिअर लागत असेल, तर दिवसाला पाऊण अँपिअर-ताससुद्धा खर्च होत नाही. मात्र ०.५ अँपिअर गळती असेल, तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन-तीन दिवसांत निकामी होते. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा उष्णतेने बॅटरीचे आयुष्य मुळातच घटते. त्यामुळे बॅटरीचे वार्धक्य व तारांची चूक यांत गल्लत होते.

निदानपद्धती :
पूर्वी इलेक्ट्रिशियन बॅटरीच्या मार्गात चाचणीचा दिवा जोडून गळती ओळखत. अल्प प्रवाहाने तो दिवा पेटत नाही, म्हणून आता मीटर आवश्यक ठरतो. किल्ली काढून, दरवाजे लावून, ऋण टोक व तार यांच्यामध्ये १० अँपिअर मर्यादेचा मीटर जोडावा. त्या अवस्थेत गाडी सुरू करू नये. आधुनिक गाडीत अर्धा तास थांबून मग एकेक फ्यूज काढावा. ज्या फ्यूजने आकडा उतरतो, त्या मार्गावर दोष असतो. अॅम्प्लिफायरची तार बहुधा थेट बॅटरीवरून येते. तिचा फ्यूज स्वतंत्र असल्याने तो वेगळा तपासावा. अल्टरनेटरमधील बिघडलेला डायोडही अशीच गळती करतो, त्यामुळे संचास आधीच दोषी धरू नये.

निष्कर्ष :
व्हॉल्व्हच्या काळातील प्रश्न संच किती वेळ वाजला हा होता. आजचा प्रश्न तो बंद असताना किती वीज घेतो हा आहे. गाडीवरच पोट असणाऱ्या चालकाला बॅटरीचा अकारण खर्च परवडत नाही. म्हणून नव्या बॅटरीपूर्वी मोजमाप अनिवार्य ठरते. गॅरेजमधील हे मौखिक ज्ञान नोंदविणे खानदेशच्या स्थानिक इतिहासलेखनाचेही कार्य आहे.