बेनिनची ब्राँझशिल्पे आणि वस्तुसंग्रहालयीन प्रदर्शनांचे बदलते स्वरूप (१८९७ ते २०२५)

प्रस्तावना

इतिहासाचा अभ्यासक वस्तुसंग्रहालयाकडे सामान्यतः साधनांचे भांडार म्हणून पाहतो. नाणी, ताम्रपट, शस्त्रे, मूर्ती यांचा तो पुरावा म्हणून उपयोग करतो. परंतु त्या वस्तू तेथे कशा आल्या आणि त्यांची मांडणी कोणी, कोणत्या हेतूने केली, हा प्रश्न बहुधा बाजूला राहतो. वस्तुतः प्रदर्शन हेही एक ऐतिहासिक साधन आहे. वस्तू कोणत्या दालनात ठेवली, तिच्या शेजारी काय ठेवले, माहितीपट्टीवर काय लिहिले आणि काय लिहिण्याचे टाळले, यांवरून त्या त्या काळाची दृष्टी समजते.

प्रस्तुत निबंधात पश्चिम आफ्रिकेतील बेनिन राज्याच्या धातुशिल्पांच्या प्रदर्शनांचा या दृष्टीने विचार केला आहे. हे बेनिन म्हणजे आजचे बेनिन प्रजासत्ताक नव्हे. एडो लोकांचे हे प्राचीन राज्य आजच्या नायजेरियातील एडो प्रांतात होते आणि बेनिन सिटी ही त्याची राजधानी होती. या शिल्पांना ‘बेनिन ब्राँझ’ म्हणण्याचा प्रघात पडला असला, तरी त्यांपैकी बहुसंख्य शिल्पे पितळेची आहेत आणि याच नावाखाली हस्तिदंती व लाकडी वस्तूंचीही गणना होते.

राजवाड्यातील मूळ स्थान

बेनिनच्या राजास ‘ओबा’ म्हणतात. ओबाच्या आश्रयाखाली ओतकाम करणाऱ्या कारागिरांचा स्वतंत्र संघ होता. बेनिन सिटीतील इगुन नावाच्या गल्लीत आजही हा व्यवसाय चालतो. आपल्याकडील शिल्पशास्त्रात ज्या पद्धतीस ‘मधूच्छिष्टविधान’ म्हणतात, तीच मेणाचा साचा वितळवून धातू ओतण्याची पद्धती येथे प्रचलित होती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज व्यापारी या किनाऱ्यावर पोहोचले. त्यांनी आणलेल्या पितळी कड्यांमुळे कारागिरांना धातूचा मोठा पुरवठा होऊ लागला. यातील बरेचसे पितळ जर्मनीच्या ऱ्हाइनलँड प्रदेशातील होते, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक विश्लेषणावरून दिसून आले. या कड्यांच्या बदल्यात मिरी व हस्तिदंत यांच्याप्रमाणे गुलामही दिले जात, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

सोळाव्या व सतराव्या शतकांत घडविलेल्या आयताकृती फलकांवर ओबा, सरदार, योद्धे, सेवक आणि पोर्तुगीज शिपाई कोरलेले दिसतात. १६६८ मध्ये ओल्फर्ट डॅपर या डच लेखकाने राजवाड्याचे खांब धातूच्या फलकांनी मढविलेले असल्याचे वर्णन केले आहे. ओबांची धातूची शिरे मात्र पितरांच्या वेदीवर ठेवली जात आणि त्यांच्यावर कोरीव हस्तिदंत उभे केले जात. गादीवर येणारा ओबा आपल्या पित्यासाठी वेदी उभारीत असे. म्हणजे या वस्तू केवळ शोभेच्या नव्हत्या. लिखित बखरी नसलेल्या राज्यात वंशपरंपरेची स्मृती व राजसत्तेची अधिमान्यता त्यांतून जतन होत होती. त्यांचे स्थान हाच त्यांच्या अर्थाचा महत्त्वाचा भाग होता.

१८९७ ची मोहीम

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रदेशातील व्यापारावर नियंत्रण मिळविण्याचा ब्रिटिशांचा प्रयत्न चालू होता आणि ओबा ओवोनरामवेन याची स्वायत्तता त्याच्या आड येत होती. नायजर किनारा संरक्षित प्रदेशाचा प्रभारी महावाणिज्यदूत जेम्स फिलिप्स याने नोव्हेंबर १८९६ मध्येच ओबास पदच्युत करण्याची परवानगी लंडनकडे मागितली होती. राजवाड्यातील हस्तिदंतातून मोहिमेचा खर्च भरून निघेल, अशी अपेक्षाही त्याने त्या पत्रात व्यक्त केली होती. जानेवारी १८९७ मध्ये राज्यात धार्मिक विधी चालू असताना, येऊ नये असे सांगितले गेले असतानाही तो बेनिनकडे निघाला. वाटेत त्याच्या पथकावर हल्ला होऊन तो, त्याचे बहुतेक ब्रिटिश सहकारी व अनेक आफ्रिकी हमाल मारले गेले.

यानंतर रिअर ॲडमिरल हॅरी रॉसन याच्या नेतृत्वाखाली दंडात्मक मोहीम निघाली आणि १८ फेब्रुवारी १८९७ रोजी बेनिन सिटी ब्रिटिशांच्या ताब्यात गेली. राजवाडा लुटला गेला, नगराचा मोठा भाग आगीत जळाला आणि हजारो वस्तू उचलल्या गेल्या. फलक त्या वेळी खांबांवर नव्हते. ते राजवाड्यातील कोठारात आढळले. काही वस्तू सरकारजमा झाल्या व विकल्या गेल्या. अनेक वस्तू अधिकाऱ्यांनी वैयक्तिक लूट म्हणून नेल्या. ओबास कॅलबार येथे हद्दपार करण्यात आले आणि १९१४ मध्ये तेथेच त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी त्याचा पुत्र एवेका दुसरा याच्या रूपाने गादी पुन्हा स्थापन झाली.

विजयचिन्हापासून मानवशास्त्रीय नमुन्यापर्यंत

लुटीनंतर अवघ्या काही महिन्यांत, १८९७ च्या शरद ऋतूत, ब्रिटिश म्युझियममध्ये ३०४ फलकांचे प्रदर्शन मांडण्यात आले. हे फलक परराष्ट्र खात्याने उसने दिले होते आणि पुढे त्यांपैकी सुमारे २०० फलक संग्रहालयास मिळाले. प्रेक्षकांच्या दृष्टीने ही प्रथम विजयाची चिन्हे होती. परंतु या प्रदर्शनाने एक बौद्धिक अडचण निर्माण केली. ज्या समाजास वृत्तपत्रांनी रानटी ठरविले होते, त्यानेच इतके प्रगल्भ ओतकाम कसे केले? संग्रहालयाचे अभिरक्षक चार्ल्स हर्क्युलीस रीड व ऑर्मंड डाल्टन यांनी प्रारंभी पोर्तुगीज किंवा प्राचीन इजिप्तच्या प्रभावाची शक्यता मांडली. पुरावा डोळ्यांसमोर असतानाही पूर्वग्रह सोडणे किती कठीण असते, याचे हे उदाहरण होय.

बर्लिनच्या मानववंशशास्त्र संग्रहालयातील फेलिक्स फॉन लुशान याने लंडनच्या बाजारातून मोठ्या प्रमाणावर खरेदी केली. हे काम आफ्रिकी कारागिरांचेच आहे आणि त्याची तुलना युरोपातील श्रेष्ठ ओतकामाशी होऊ शकते, असे त्याने ठामपणे प्रतिपादन केले. तथापि त्याच्या संग्रहालयातही या वस्तू मानववंशशास्त्रीय नमुने म्हणूनच राहिल्या. कारागिरांचे कौशल्य मान्य झाले, परंतु राज्याचा इतिहास मान्य झाला नाही. फलकांची वर्गवारी आकृत्या, वेशभूषा व शस्त्रे यांनुसार झाली. ज्या ओबाच्या घराण्याची ही स्मृती होती, तो त्या वेळी हद्दपारीत जिवंत होता. वर्गवारीत मात्र त्याला स्थान नव्हते.

नमुन्यापासून कलाकृतीपर्यंत

विसाव्या शतकात आधुनिक चित्रकार व शिल्पकारांनी आफ्रिकी कलेकडे लक्ष वेधल्यानंतर या वस्तू ‘कलाकृती’ म्हणून मांडल्या जाऊ लागल्या. २००१ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या तळघरात नवी आफ्रिका दालने उघडली. तेथे फलक उभ्या धातूच्या दांड्यांवर रांगेने बसविले गेले. राजवाड्यातील खांबांची काहीशी आठवण करून देणारी ही मांडणी देखणी आहे. परंतु सौंदर्यप्रधान मांडणीची मर्यादाही येथे स्पष्ट होते. प्रकाशझोतातील शिल्प प्रेक्षकास मुग्ध करते आणि ते येथे कसे पोहोचले, हा प्रश्न दुय्यम ठरतो. विजयचिन्ह म्हणून झालेल्या मांडणीत लूट उघड होती. कलाकृती म्हणून झालेल्या मांडणीत ती सौंदर्याच्या आड गेली.

२००७ पासून व्हिएन्ना, पॅरिस, बर्लिन व शिकागो येथे बेनिनच्या राजदरबारी कलेचे मोठे फिरते प्रदर्शन भरले. त्याच्या सूचीग्रंथात तत्कालीन ओबा एरेडियाउवा यांचे मनोगत होते आणि त्यात काही वस्तू परत मिळाव्यात अशी अपेक्षा व्यक्त झाली होती. वस्तूंच्या मूळ धन्याचा आवाज प्रदर्शनाच्या चौकटीत येणे ही महत्त्वाची घटना होती. मात्र हे प्रदर्शन ज्या नगरातून वस्तू गेल्या, त्या बेनिन सिटीत भरले नाही.

वस्तू परत करण्याचा प्रश्न

नायजेरियाची मागणी अलीकडची नाही. १९५० नंतर ब्रिटिश म्युझियमने काही फलक नायजेरियास दिले, परंतु त्यांतील अनेक विकत दिले. आपल्याच राजवाड्यातील वस्तू विकत घेण्याची वेळ नायजेरियावर आली. १९७७ मध्ये लागोस येथे भरलेल्या आफ्रिकी कलामहोत्सवाने राजमाता इदियाचा हस्तिदंती मुखवटा बोधचिन्ह म्हणून निवडला होता. तो उसना मिळावा, ही विनंती वस्तू नाजूक असल्याच्या कारणास्तव नाकारण्यात आली आणि महोत्सवासाठी प्रतिकृती करावी लागली.

वस्तू परत करण्याविरुद्ध दोन युक्तिवाद प्रामुख्याने केले जातात. पहिला कायद्याचा. १९६३ च्या ब्रिटिश म्युझियम कायद्यानुसार काही अपवाद वगळता संग्रहातील वस्तू कायमची देता येत नाही. या संग्रहालयाकडे बेनिनच्या ९०० हून अधिक वस्तू आहेत. दुसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा. १९७३ मध्ये नायजेरियाचे राष्ट्रप्रमुख याकूबू गोवॉन यांनी लागोसच्या संग्रहालयातील एक शीर राणी एलिझाबेथ यांना भेट दिले होते. ती प्रतिकृती समजली जात होती; परंतु ते शीर सतराव्या शतकातील अस्सल असल्याचे २००२ मध्ये उघड झाले. हे उदाहरण दुर्लक्षिण्यासारखे नाही. परंतु जतन नीट होते किंवा नाही आणि मालकी कोणाची, हे दोन भिन्न प्रश्न आहेत. मालक निष्काळजी आहे एवढ्यावरून त्याची वस्तू दुसऱ्याची होत नाही.

२०२१ पासून परिस्थिती वेगाने पालटली. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंब्रिजच्या जीझस कॉलेजने कोंबड्याचे शिल्प व ॲबर्डीन विद्यापीठाने ओबाचे शीर परत केले. २०२२ मध्ये लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने ७२ वस्तूंच्या मालकी हस्तांतराचा निर्णय घेतला आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने २९ वस्तूंची मालकी सोडली. त्याच वर्षी बर्लिनच्या संग्रहातील ५१२ वस्तूंची मालकी नायजेरियाकडे गेली. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश वस्तू दहा वर्षांसाठी बर्लिनमध्येच उसन्या ठेवण्याचे ठरले. डिसेंबर २०२२ मध्ये जर्मन संग्रहालयांतील २० वस्तू प्रत्यक्ष अबुजा येथे सुपूर्द करण्यात आल्या. जून २०२५ मध्ये नेदरलँड्सने ११९ वस्तू परत केल्या. बर्लिनच्या करारातील तत्त्व विशेष लक्षणीय आहे. वस्तू त्याच दालनात राहिली, पण यजमान व पाहुणा यांची अदलाबदल झाली.

परत कोणाकडे?

वस्तू परत आल्याने प्रश्न संपत नाही. १८९७ मध्ये लूट झाली ती बेनिनच्या राजाची. नायजेरिया हे राष्ट्र तेव्हा अस्तित्वात नव्हते. मार्च २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मुहम्मदू बुहारी यांनी परत येणाऱ्या वस्तूंची मालकी ओबा एवारे दुसरे यांची असल्याचे घोषित केले, तेव्हा युरोपातील काही संस्था साशंक झाल्या. बेनिन सिटीत उभारलेल्या पश्चिम आफ्रिकी कलेच्या नव्या संग्रहालयाचा उद्घाटनपूर्व कार्यक्रम नोव्हेंबर २०२५ मध्ये राजघराण्याच्या समर्थकांनी उधळला. तसेच पितळी कडी हे गुलामांचेही मोल होते, म्हणून विकल्या गेलेल्यांच्या वंशजांचाही या वारशावर हक्क आहे, असा दावा अमेरिकेतील एका गटाने केला. हे वाद परत करण्याविरुद्धचे पुरावे मानणे योग्य होणार नाही. वारशाचे वाद वारसदारांमध्ये व्हावेत, हेच स्वाभाविक आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात

हा विषय मराठी अभ्यासकांस दूरचा वाटण्याचे कारण नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडील वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रात आली आणि जुलै २०२४ पासून साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शित झाली. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याशी त्यांचा संबंध जोडला जातो. छत्रपती शिवाजी महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, असे निश्चित म्हणता येत नाही, हे त्या संग्रहालयाने स्वतःच नमूद केले आहे. ब्रिटनच्या १९८३ च्या राष्ट्रीय वारसा कायद्याने त्या संग्रहालयावरही वस्तू कायमची देण्याबाबत निर्बंध आहेत, म्हणून मार्ग निघाला तो उसनवारीचा. २०२५ मध्ये नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून मिळविली. तो मार्ग खरेदीचा. उसनवारी, खरेदी व मालकीचे हस्तांतर हे तिन्ही मार्ग बेनिनच्या इतिहासातही दिसतात, परंतु त्यांतून व्यक्त होणारी ऐतिहासिक भूमिका एक नाही. पहिल्या दोहोंत विद्यमान धारकाची मालकी गृहीत धरली जाते. तिसऱ्यात ती तपासली जाते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) वस्तूचा अर्थ स्थिर नसतो. बेनिनची शिल्पे पितृस्मृती, विजयचिन्ह, मानवशास्त्रीय नमुना, कलाकृती आणि राष्ट्रीय वारसा अशा पाच भूमिकांत प्रेक्षकांसमोर आली. धातू तोच राहिला. बदलली ती मांडणाऱ्यांची दृष्टी.

२) प्रत्येक मांडणीने काही दाखविले व काही झाकले. म्हणून वस्तू संग्रहात कशी आली, हा तपशील माहितीपट्टीचा अविभाज्य भाग असला पाहिजे.

३) जतनाची क्षमता व मालकीचा हक्क या भिन्न बाबी असून त्यांची गल्लत केल्यास न्याय्य निर्णय अशक्य होतो.

४) संग्रहालयाची भेट हा अध्यापनाचा भाग करताना विद्यार्थ्यांस ‘ही वस्तू काय आहे’ याबरोबरच ‘ही येथे कशी आली’ हा प्रश्न विचारण्यास शिकविणे इष्ट ठरेल. हा प्रश्न परदेशी संग्रहालयांपुरता मर्यादित नाही. आपल्या राजधानीच्या व जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या संग्रहांतही गावातील देवळांतून, वाड्यांतून व आदिवासी पाड्यांतून आलेल्या वस्तू आहेत. त्यांच्या माहितीपट्ट्यांवर त्या गावाचे व त्या लोकांचे नाव आहे काय, हे पाहण्यापासून प्रारंभ करता येईल.