पदवीपत्र आणि पहिले गिऱ्हाईक

शिकागो शहरात १९१६ साली मार्जरी स्ट्यूअर्ट जॉयनर या वीस वर्षांच्या तरुणीने मोलर सौंदर्यप्रसाधन विद्यालयाचे पदवीपत्र संपादन केले. त्या विद्यालयातून उत्तीर्ण होणारी ती पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी होय. त्याच वर्षी तिचा विवाह झाला आणि त्याच वर्षी तिने स्वतःचे केशप्रसाधनाचे दुकानही थाटले. पदवीपत्र हाती होते, जागा हाती होती. परंतु सासूबाईंचे केस विंचरून नीटनेटके करण्याचा प्रसंग आला, तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. सुनेला सासूबाईंच्या केसांचे काही म्हणजे काही करता येईना! विद्यालयात तिला शिकवले होते ते गोऱ्या स्त्रियांच्या केसांचे प्रसाधन. तिच्या स्वतःच्या आईच्या, बहिणींच्या, शेजारणींच्या केसांचा त्या अभ्यासक्रमात विचारच नव्हता; आणि दुकानाच्या पायऱ्या चढून येणार होत्या त्या मात्र याच शेजारणी.

सासू या व्यक्तीविषयी साऱ्या जगाच्या लोककथांनी फारसे चांगले बोललेले नाही. या सासूबाईंनी मात्र नाक मुरडून न थांबता पदरचे पैसे भरले आणि सुनेला मॅडम सी. जे. वॉकर यांच्या वर्गात पाठविले.

या वॉकरबाई कोण, हे सांगितल्यावाचून त्या वर्गाचे महत्त्व ध्यानी यावयाचे नाही. त्यांचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. लुइझियाना राज्यातील डेल्टा या गावी १८६७ साली त्यांचा जन्म झाला. आईवडील गुलामगिरीत वाढलेले; त्यांच्या घरात स्वतंत्र म्हणून जन्मलेले हे पहिले अपत्य. (त्या गुलामगिरीच्या उच्छेदाबद्दल अमेरिकेतील सदाचारी जनांना महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, तेव्हा ही मुलगी जेमतेम पाच-सहा वर्षांची होती.) सातव्या वर्षी ती पोरकी झाली, चौदाव्या वर्षी विवाहित आणि विसाव्या वर्षी विधवा. पदरी एक लहान मुलगी. सेंट लुईस शहरात तिने कित्येक वर्षे लोकांचे कपडे धुतले. दिवसाकाठी मिळकत जेमतेम दीड डॉलर. कायद्याने मिळालेले स्वातंत्र्य आणि पोटाला मिळणारे स्वातंत्र्य यांत केवढे अंतर असते, ते त्या धुण्याच्या टबापाशी तिला कळले असले पाहिजे. कृष्णवर्णीय स्त्रीपुढे त्या काळी वाटा तरी कोणत्या होत्या? दक्षिणेत कापसाचे शेत; शहरात दुसऱ्याचे स्वयंपाकघर किंवा दुसऱ्याचे धुणे. शाळेत चार इयत्ता अधिक शिकल्या म्हणून गोऱ्यांच्या कचेरीचे वा दुकानाचे दार सहसा उघडत नसे.

केस गळू लागले म्हणून या बाईंनी अ‍ॅनी टर्न्बो यांची औषधे वापरली, पुढे तीच विकण्याचे काम केले आणि अखेर स्वतःचा धंदा उभारला. अ‍ॅनी टर्न्बो, म्हणजेच पुढच्या मॅलोनबाई, याही त्याच तोलाच्या. सेंट लुईसमधील त्यांचे पोरो कॉलेज १९१८ साली उभे राहिले. या दोघींचे खरे कर्तृत्व मलमाच्या डबीत शोधू नये. ‘शिकल्यावर काम कोण देणार?’ या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तरात ते आहे. वॉकरबाईंनी १९०८ साली पिट्सबर्ग येथे मुलीच्या नावाने लेलिया कॉलेज काढले. पंचवीस डॉलर भरून टपालाने शिक्षण घेण्याचीही सोय केली. तेथून बाहेर पडणारीला कोणाच्या दारी अर्ज घेऊन उभे राहण्याची गरज नव्हती. औषधांची पेटी, कंगवा, आणि स्वतःच्या घरातली चूल. तेच दुकान! गिऱ्हाईक शेजारच्याच घरात. डोके धुण्याची मजुरी तिची आणि डब्यांच्या विक्रीवरील अडतही तिची.

केस सरळ करण्याचा हा हव्यास म्हणजे गोऱ्यांचे अनुकरण, अशी टीका त्या काळीही झाली. वॉकरबाईंना ते शब्द बोचत; आपण केसांचे आरोग्य सुधारतो, असे त्या सांगत. टीका सर्वस्वी निराधार होती असे म्हणवत नाही. पण टीकाकारांपैकी कितीजणांनी दिवसभर परक्यांचे कपडे घासले होते, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. १९१७ साली फिलाडेल्फियात या व्यवसायातील स्त्रियांचे पहिले संमेलन भरले, तेव्हा विक्रीबरोबर दानधर्मासाठीही पारितोषिके दिली गेली. आणि झुंडींकडून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांविरुद्ध राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना तार धाडण्यात आली.

जॉयनरबाई याच परिवारात मिसळल्या. वॉकरबाई १९१९ साली वारल्या. पुढे दोनशेहून अधिक विद्यालयांची देखरेख जॉयनरबाईंकडे आली. हजारो मुलींनी त्यांच्या हाताखाली हा व्यवसाय शिकून घेतला. इलिनॉय राज्याने १९२४ साली या व्यवसायासाठी कायदा केला, त्याच्या मसुद्यातही त्यांचा हात होता. परवान्याने धंद्याला प्रतिष्ठा आली खरी. पण परवाना म्हटला की परीक्षा आली, शुल्क आले, आणि चुलीपाशी बसून केस विंचरणारी गरीब बाई कायद्याबाहेर पडली. त्यांच्या वाट्याला आलेला अन्यायही विसरण्याजोगा नाही. मांस भाजताना त्यात खोचतात त्या सळ्या पाहून त्यांना केसांना टिकाऊ लाटा देणाऱ्या विद्युत्यंत्राची कल्पना सुचली. १९२८ साली त्याचे पेटंटही मिळाले. ते वॉकर कंपनीच्या स्वाधीन झाले. जॉयनरबाईंना त्यातून छदामही लाभला नाही. १९५४ साली त्यांनी आपल्या व्यवसायातील १९५ जणांना प्रगत शिक्षणासाठी थेट पॅरिसला नेले, कारण मायदेशातील गोऱ्यांच्या संस्था त्यांना घेत नव्हत्या.

या व्यवसायाचे एक फळ मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नव्हते. साउथ कॅरोलिना राज्यात मतदार होण्यासाठी वाचता येणे आवश्यक असे. चार्ल्सटनजवळच्या जॉन्स बेटावरील कृष्णवर्णीय प्रौढांसाठी १९५७ च्या जानेवारीत रात्रवर्ग काढण्याचे ठरले. सरकारी शाळेतल्या शिक्षकाने हे काम पत्करावे, तर त्याची नोकरी जाण्याचे भय. म्हणून निवड झाली बर्निस रॉबिन्सन या केशप्रसाधिकेची. तिची मिळकत तिच्याच समाजातील गिऱ्हाइकांकडून येई. तिला कामावरून काढणार कोण? एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत वर्ग भरला. तिने मुलांच्या इयत्तांची पुस्तके बरोबर नेली होती. समोर बसलेल्या शेतकरी-मजुरांकडे पाहून तिने ती बाजूला ठेवली आणि त्यांनाच विचारले, तुम्हांला काय शिकायचे आहे? आपले नाव लिहायला, असे कोणी म्हणाले. कोणाला मनिऑर्डरचा कागद भरायचा होता.