निदानानंतर थांबलेले वैद्य

१८०० सालच्या जानेवारीत फ्रान्सच्या दक्षिणेकडील आव्हेरों प्रांतात, रानात एकाकी वाढलेला अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा लोकांच्या हाती लागला आणि त्याच वर्षी त्याला पॅरिसला आणण्यात आले. ज्या विद्वानांकडे त्याची तपासणी सोपवण्यात आली, त्यांत फिलिप पिनेल हे त्या काळचे अग्रगण्य मनोरोगवैद्य होते. पिनेल सामान्य अधिकाराचे पुरुष नव्हते; वेड लागलेल्या माणसालाही माणसासारखे वागवले पाहिजे, हा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला होता. तरीही आपल्या रुग्णालयातील जडबुद्धी मुलांशी या मुलाची लक्षणे जुळतात, सबब सुधारणेची आशा नाही, असा अभिप्राय त्यांनी दिला आणि त्यांच्यापुरते ते प्रकरण निकालात निघाले.

ज्या वैद्याने हा अभिप्राय अखेरचा मानला नाही, ते झाँ इतार मूकबधिरांच्या संस्थेत नुकतेच रुजू झालेले सव्वीस वर्षांचे तरुण होते. त्यांनी पाहिलेली एक गोष्ट मला या साऱ्या इतिहासाचा उगम वाटते. मुलाच्या पाठीमागे पिस्तुलाचा बार काढला तरी मान न वळवणारा तो मुलगा, कुणी अक्रोड फोडल्याचा बारीकसा आवाज होताच चटकन वळून पाहत असे. म्हणजे त्याचे कान शाबूत होते. ज्या नादाशी त्याच्या जीविताचा संबंध नव्हता, तो नाद त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हता, एवढेच. इंद्रियांतील वैगुण्य निराळे आणि त्या इंद्रियांना वळण न लागणे निराळे, हा भेद ज्या क्षणी इतार यांच्या ध्यानी आला, त्या क्षणी रोगपरीक्षेचे रूपांतर शिक्षणात होण्यास आरंभ झाला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

पुढे सुमारे पाच वर्षे त्यांनी त्या मुलाला, ज्याचे नाव त्यांनी व्हिक्टर ठेवले होते, ऊन पाण्याची दीर्घ स्नाने घालून स्पर्शाची जाणीव दिली, वस्तू ओळखण्यास व तुलना करण्यास शिकवले आणि सुटी अक्षरे जुळवून दुधासाठी असलेला शब्द मांडण्याइतपत त्याची प्रगती घडवून आणली. तो बोलू मात्र लागला नाही. इतार यांनी १८०६ मध्ये सरकारला अहवाल सादर केला आणि प्रयत्न थांबवला. व्हिक्टर मादाम गेरँ या प्रेमळ स्त्रीच्या सांभाळात १८२८ पर्यंत जगला. इतार स्वतः या प्रयत्नाला अपयश समजत, ते मला पटत नाही. एका मुलासाठी त्यांनी रचलेले पाठ पुढे असंख्य मुलांच्या हाती खेळणी होऊन पोहोचले.

हा वारसा त्यांचे शिष्य एदुआर सेगँ यांनी चालवला. १८४६ मध्ये त्यांनी मंदबुद्धी मुलांच्या शिक्षणावर आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि नंतर ते अमेरिकेत स्थायिक झाले. अर्धशतकानंतर रोममध्ये मारिया मोंतेस्सोरी या तरुण डॉक्टरीण बाईंनी, ज्यांनी १८९६ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली होती, इतार आणि सेगँ यांचे लेखन स्वहस्ते इटालियनमध्ये उतरवून काढले. शब्दन् शब्दाचे मनन व्हावे म्हणून हा खटाटोप. विद्यापीठाच्या मनोरोगचिकित्सालयात काम करताना त्यांनी वेड्यांच्या इस्पितळांत डांबलेली मुले पाहिली होती, आणि त्या मुलांचा प्रश्न औषधापेक्षा शिक्षणाचा अधिक आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. त्यांच्या हाताखाली तयार झालेली अशी काही मुले वाचन-लेखनाच्या सार्वजनिक परीक्षेत सर्वसाधारण मुलांच्या बरोबरीने उत्तीर्ण झाली, तेव्हा लोकांनी चमत्कार म्हणून कौतुक केले. बाईंना मात्र निरोगी मुले इतकी मागे का राहतात, या प्रश्नाने अस्वस्थ केले.

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. तेथे मुलांचे वजन व उंची ठराविक काळाने मोजून प्रत्येकाची स्वतंत्र नोंद ठेवण्याचा शिरस्ता होता. गृहाच्या नियमांनुसार मूल स्वच्छ करून धाडणे आईवर बंधनकारक होते. पण डॉक्टर आणि शिक्षिका या दोन भूमिका एकजीव झाल्या त्या त्यांच्या मौनाच्या खेळात. मुले निश्चल बसत आणि बाई लांबून, जेमतेम कानावर पडेल अशा स्वरात एकेकाचे नाव घेत. श्रवणशक्ती अजमावण्याची वैद्यांची ही रीतच. परंतु आपले नाव येईपर्यंत श्वास आवरून वाट पाहणारी मुले त्या परीक्षेतच स्वतःवर ताबा ठेवण्यास शिकत होती. ज्याला ऐकू कमी येते ते मूलही अशा वेळी, कुणी हिणवल्याविना, ध्यानात येऊ शकते.

हा विचार हिंदुस्थानात बाईंच्या आधीच पोहोचला होता. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. खुद्द मोंतेस्सोरी १९३९ च्या अखेरीस मद्रासच्या अड्यारला आल्या, आणि इटली युद्धात उतरताच त्यांचे पुत्र मारिओ यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अहमदनगरच्या छावणीत अटकेत ठेवण्यात आले, ही आपल्याकडे क्वचितच सांगितली जाणारी हकीकत.

ताराबाईंचे थोरपण मात्र शहरातल्या बालमंदिरापेक्षा १९४५ मध्ये बोर्डीस सुरू झालेल्या कार्यात मला अधिक जाणवते. तेथे त्यांच्या सोबतीला अनुताई वाघ आल्या. रोमची महागडी साधने तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या त्या किनाऱ्यावर आणायची कोठून? म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने ही साधने झाली. मूल शिकण्याआधी त्याला न्हाऊ घालावे लागे, त्याची नखे काढावी लागत, खरजेवर औषध लावावे लागे. बालवाडीत न येणाऱ्या मुलांसाठी वाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली आणि अंगणवाडी हे नाव जन्मास आले. पुढे १९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुले शाळेत का टिकत नाहीत, याचा शोध त्या दोघींनी बुद्धीच्या मोजमापात न घेता घरोघर फिरून घेतला. मुलगी गैरहजर राहते ती धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते म्हणून, आणि मुलगा गुरांमागे जातो म्हणून. उपायही त्या कारणांना धरूनच निघाले: पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडी, आणि गुराख्यांसाठी चराईच्या रानातच भरणारी कुरणशाळा.

ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. मुलाला तराजूवर घालून वजन तक्त्यावर टिपणे, लसीकरणाला साहाय्य करणे, पोषक आहार देणे, आणि त्याच मुलाला गाणी-गोष्टी सांगून शाळेसाठी तयार करणे, ही सारी कामे त्या योजनेने एकाच सेविकेवर सोपवली.