ओल्ड नंबर वन: अस्सल, पण मूळ नाही

१९९०च्या जुलैमध्ये लंडनच्या हायकोर्टात एका गाडीच्या सुट्या भागांवर निकाल वाचला गेला. गाडी होती बेंटली स्पीड सिक्स, टोपणनाव 'ओल्ड नंबर वन'. ल मान्सची चोवीस तासांची शर्यत १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं जिंकलेली. तिच्या मालकाने सुमारे एक कोटी पौंडांना ती विकायचा करार केला होता आणि घेणारी कंपनी नंतर मागे सरली होती. कंपनीचं म्हणणं थोडक्यात असं: आम्ही ल मान्स जिंकणारी गाडी घेत होतो, ही ती नव्हेच.

भागांची यादी वाचली की कंपनीची बाजू पटायला लागते. १९२९च्या गाडीचं काहीच उरलं नव्हतं. काही किरकोळ फिटिंग्ज असतील, पण त्या कोणत्या सालच्या हे सांगणं अशक्य. १९३०च्या गाडीतला पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं केसिंग आणि स्टिअरिंग कॉलम एवढंच शिल्लक. चॅसिस, पुढच्या अ‍ॅक्सलचा बीम, सस्पेन्शन, मागचे ब्रेक, इंजिन हे सगळं १९३२चं.

हे झालं कसं? चोरी नाही, फसवणूक नाही. गाडी शर्यतीत धावत होती, एवढंच.

१९२९ साली ती वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी चालवली. त्या वर्षी पहिले चारही नंबर बेंटलीचेच होते. बार्नाटो म्हणजे किंबर्लीच्या हिऱ्यांच्या पैशाचा वारस आणि बेंटली कंपनीचा अध्यक्ष. आपल्याच पैशावर चालणाऱ्या कंपनीच्या गाडीत तो स्वतः बसायचा आणि जिंकायचा. ल मान्समध्ये तो तीनदा उतरला, तिन्ही वेळा जिंकला. १९३०मध्ये त्याच्या जोडीला ग्लेन किडस्टन होता. १९३१ साली कंपनीच बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. गाडी मात्र थांबली नाही. त्याच वर्षी जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनी तिच्यावर ब्रुकलँड्सची पाचशे मैलांची शर्यत जिंकली, सरासरी ताशी ११८ मैलांच्या वेगाने.

शर्यतीच्या गाडीचा कुठलाही भाग कुणी आठवण म्हणून जपत नाही. झिजला की काढा, चांगला मिळाला की बसवा. १९३२मध्ये साडेसहा लिटरच्या इंजिनाच्या जागी आठ लिटरचं आलं. त्या सप्टेंबरात ती पुन्हा ब्रुकलँड्सच्या पाचशे मैलांत उतरली. जॅकच्या जोडीला या वेळी त्याचा भाऊ क्लाइव्ह होता. क्लाइव्ह चालवत असताना गाडी काँक्रीटच्या उंच, कलत्या वळणाच्या वरच्या कडेवरून पलीकडे झाडांत गेली. क्लाइव्ह तिथेच गेला.

बार्नाटोने गाडी भंगारात काढली नाही. तिच्यावर बंद छताची कूपे बॉडी चढवून त्याने ती रस्त्यावर वापरायला घेतली. ती बॉडीही पुढे उतरवली गेली आणि गाडीला पुन्हा ल मान्सच्या काळातलं उघडं रूप देण्यात आलं. कोर्टासमोर आली ती अशी.

न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल मालकाच्या बाजूने दिला. या गाडीला 'मूळ' म्हणता येणार नाही, पण ती अस्सल आहे. ती कधी नाहीशी झाली नाही. एकीचे तुकडे दुसरीकडे आणि मधे वीस वर्षांची पोकळी, असं झालं नाही. नवे भाग इतक्या हळूहळू आणि इतक्या काळात मुरत गेले की कुठल्याही टप्प्यावर तिची ओळख पुसली गेली नाही.

सॉफ्टवेअरवाल्याला हे लगेच पटतं. मी रोज ज्या कोडवर काम करतो, त्यात पहिल्या वर्षीची एक ओळही शोधून सापडणार नाही. ते लिहिणारी माणसं केव्हाच निघून गेली. तरी प्रॉडक्ट तेच आहे, कारण प्रत्येक बदल आधीच्या बदलावर झाला आणि मधल्या काळात ते चालू होतं. कुणी आज तेच सगळं शून्यातून लिहून जुनं नाव दिलं, तर मी त्याला तेच प्रॉडक्ट म्हणणार नाही. फीचर्स तंतोतंत जुळली तरी.

त्यामुळे निकाल मला मान्य आहे. पण तो मान्य केला की एक अडचण उभी राहते आणि ती रिस्टोरेशन करणाऱ्यांची आहे. ओळख अखंड इतिहासात असेल, तर बार्नाटोची कूपे हाही तिचा इतिहासच होता. अपघातानंतर त्या माणसाने ही गाडी कशी जवळ ठेवली, हे ती बॉडी सांगत होती. ती उतरवून १९३०चा वेश चढवणं म्हणजे मधली वर्षं झाकणं. रिस्टोरेशन म्हटलं की आपण विचारतो, किती चांगलं झालं. कोणत्या सालापर्यंत मागे नेलं, आणि ते साल कुणी निवडलं, हे क्वचितच विचारतो. इथे उत्तर उघड आहे. एक कोटी पौंड ल मान्ससाठी मोजले जाणार होते. कूपेसाठी एवढे कुणी देत नाही.

आणि यादी पुन्हा वाचली की आणखी एक गोष्ट दिसते. बॉडी ल मान्सच्या विजयाची आठवण करून देते, पण आतलं चॅसिस, अ‍ॅक्सल आणि आठ लिटरचं इंजिन ज्या गाडीचं आहे, ती गाडी ल मान्समध्ये कधी धावलीच नाही. ती ब्रुकलँड्सच्या वळणावरून क्लाइव्ह डनफीला घेऊन पलीकडे गेली.