कार-टी पेशी : लिम्फोमाच्या रुग्णांतील वाढ

रुग्णाच्याच टी-पेशींत कृत्रिम ग्राहीचे जनुक घालून तयार केलेल्या कर्करोगविरोधी पेशी. त्यांचा ग्राही बी-पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-१९ हे प्रथिन ओळखतो. बी-पेशींचा लिम्फोमा (लिम्फोपेशींचा कर्करोग) केमोथेरपीला दाद देत नाही किंवा पुन्हा उलटतो, तेव्हा हा उपचार करतात. इतर औषधांची मात्रा शरीरात घटत जाते, या पेशींची वाढते. त्यामुळे किती पेशी दिल्या यापेक्षा त्या पुढे कशा वाढल्या, यावर उपचाराचे यश अधिक अवलंबून असते.

रक्तातून काढलेल्या टी-पेशी प्रयोगशाळेत चेतवून, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत जनुक सोडतात. केमोथेरपीच्या अनेक फेऱ्यांनी थकलेल्या पेशींपेक्षा ताज्या, स्मृतिपेशींच्या जवळच्या पेशी अधिक जोमाने वाढतात. म्हणून पेशी केव्हा गोळा केल्या यालाही महत्त्व आहे. पेशी परत देण्यापूर्वी फ्लुडाराबिन व सायक्लोफॉस्फामाइड देऊन मूळच्या लिम्फोपेशी कमी करतात. त्यामुळे आयएल-७ आणि आयएल-१५ ही वाढीला पोषक प्रथिने नव्या पेशींना मुबलक मिळतात.

शरीरात गेल्यावर या पेशी प्रथम ऊतींत पसरतात व रक्तात विरळ दिसतात. सीडी-१९ भेटताच त्या झपाट्याने विभागतात आणि साधारण ७ ते १४ दिवसांत त्यांची संख्या कळसाला पोचते. हाच काळ सर्वांत जोखमीचा. साइटोकाइनांच्या, म्हणजे पेशींच्या संदेशवाहक प्रथिनांच्या, लोंढ्याने तीव्र ताप येतो, रक्तदाब घसरतो. काही रुग्णांना गोंधळल्यासारखे होते, बोलता येत नाही. आयएल-६ या साइटोकाइनचा ग्राही अडवणारे टोसिलिझुमॅब हे औषध या ज्वरावर गुणकारी ठरते. पुढे बहुतेक पेशी मरतात आणि थोड्या स्मृतिपेशी म्हणून उरतात. सर्व कार-टी पेशी मारकच असतात असेही नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सातव्या दिवशी नियामक प्रकारच्या (प्रतिकार आवरणाऱ्या) कार-टी पेशी जास्त असलेल्या रुग्णांत रोग बळावण्याचे प्रमाण अधिक आढळले.

ग्राहीच्या आतल्या भागाची रचनाही वाढीची गती ठरवते. तेथे सीडी-२८ हा सहचेतक भाग असलेल्या पेशी लवकर उसळी घेतात. ४-१बीबी हा सहचेतक भाग असलेल्या सावकाश वाढून अधिक काळ टिकतात. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनातून घडलेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचारात ४-१बीबी आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१० मध्ये उपचार घेतलेल्या, लिम्फोमाशी जवळचे नाते असलेल्या दीर्घकालिक लिम्फोपेशीय ल्यूकेमियाच्या दोन रुग्णांत कार-टी पेशी दहा वर्षांनंतरही सापडल्या. लिम्फोमात मात्र त्या रक्तात दिसेनाशा झाल्यावरही अनेक रुग्ण रोगमुक्त राहतात.

अपयशाची दोन मुख्य कारणे : प्रतिजनाच्या सततच्या चेतनेने पेशी थकून पीडी-१ सारखे रोधक ग्राही दाखवू लागतात, किंवा अर्बुदपेशी सीडी-१९ च गमावतात. उपचार यशस्वी झाला तरी निरोगी बी-पेशीही सीडी-१९ मुळेच नष्ट होतात. त्यामुळे प्रतिपिंडे घटतात, जंतुसंसर्ग वाढतात, आणि काही रुग्णांना प्रतिपिंडे बाहेरून द्यावी लागतात.