गालात टिकणारी गोळी

खानदेशात बांधावर टेकलेला माणूस तळहातावर तंबाखू-चुना मळतो आणि चिमूट गालात धरतो. गिळत नाही, तरी थोड्याच वेळात तरतरी येते. यात चुन्याचा वाटा मोठा. चुन्यामुळे लाळ अल्कधर्मी होते, निकोटिनच्या रेणूवरचा विद्युतभार उतरतो आणि तो गालाच्या अस्तरातून सहज पार होतो. तिथल्या शिरांतले रक्त मानेतल्या मोठ्या नीलेवाटे सरळ हृदयाकडे जाते. पोटातले आम्ल आणि यकृताची चाळणी, दोन्ही वाटेत लागत नाहीत.

गालातून औषध देण्याची कल्पना याच वाटेवर उभी आहे. पोटातून गेलेल्या काही औषधांचा बराच भाग यकृतातच मोडून जातो. त्यांना ही वाट सोयीची. तोंडातली वाट वैद्यकाने फार पूर्वी हेरली होती. लंडनच्या विल्यम मरेल यांनी 1879 मध्ये हृदयशूळावर नायट्रोग्लिसरीन गुणकारी असल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, आणि पुढे जिभेखाली गोळी ठेवण्याची पद्धत रूढ झाली. छातीत कळ आली की घरातले कुणीतरी सॉर्बिट्रेट शोधते, ती त्याच घराण्यातली गोळी.

पण जिभेखालची गोळी मिनिटांत विरते. चार-सहा तास हळूहळू औषध द्यायचे तर ते तोंडात टिकणार कसे? दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते, जीभ स्वस्थ बसत नाही, माणूस बोलतो, पाणी पितो. शिरकाव अवघड नव्हताच, अवघड होते टिकून राहणे. म्हणून मला गालात टिकणाऱ्या गोळीचे कूळ औषधात नव्हे, डिंकात दिसते.

कवळी हिरडीला धरून राहावी म्हणून डिंकाची पूड वापरत. 1947 मध्ये ट्रॅगाकंथ डिंक आणि कवळीची अशी पूड एकत्र करून त्यात पेनिसिलिन घातले गेले आणि ते तोंडाच्या अस्तराला लावून पाहिले गेले. चिकटणाऱ्या औषधांच्या इतिहासात पहिले पाऊल म्हणून बहुधा याचीच नोंद होते.

ट्रॅगाकंथ इराणकडचा आणि महाग. त्याला पर्याय म्हणून बाजारात चालला तो आपल्या कांडोळाचा डिंक. व्यापारात त्याला कराया म्हणतात. सातपुड्याच्या खडकाळ उतारावर उन्हाळ्यात पाने झडलेले, पांढऱ्याफटक सालीचे झाड दिसते, ते कांडोळ. याच्या डिंकाला किंचित आंबूस, शिरक्यासारखा वास असतो. पाण्यात तो पुरता विरघळत नाही, नुसता फुगतो आणि ओल्या पृष्ठभागाला घट्ट धरतो. कवळीच्या पुडीत तो याच गुणामुळे शिरला. खोल घाव घालून डिंक ओरबाडला तर झाड मात्र वाळते, आणि हे अनेक जंगलांत घडले आहे.

डिंकाच्या पुडीची रीतसर गोळी झाली ती जपानात. तोक्योच्या होशी विद्यापीठातल्या त्सुनेजी नागाई यांच्या कामातून 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘आफ्टाच’ ही दोन थरांची गोळी आली, तोंडातल्या व्रणांसाठी. एका गोळीत औषध फक्त 25 मायक्रोग्रॅम. चिकटपणासाठी झाडाचा डिंक नव्हे, तर सेल्युलोजपासून बनवलेला एक पदार्थ आणि कार्बोपोल. ओल लागताच या पदार्थांच्या लांब साखळ्या फुगतात आणि अस्तरावरच्या बुळबुळीत थरात गुंततात. पुढे बुरशीवरची मिकोनाझोलची गोळी आली, सुळ्याच्या वर हिरडीला चिकटवायची. तिच्यात हे काम दुधातली प्रथिने करतात.

स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला संशोधकांनी तंबाखू सोडवण्यासाठी गालात चिकटणाऱ्या निकोटिनच्या गोळ्या करून पाहिल्या. त्यात गवारीच्या डिंकापेक्षा कराया सरस चिकटला आणि त्यातून निकोटिन एकसारख्या गतीने सुटले. अडचण एकच: औषध पुरेसे रेंगाळायला निम्म्याहून अधिक गोळी डिंकाचीच करावी लागेल असे दिसले.

हे वाचून मला राहवत नाही. 2012 मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली, पण सुपारी-तंबाखूने ताठ झालेले गाल आणि दोन बोटेही न उघडणारी तोंडे आजही दिसतात. सुपारीने अस्तराखाली तंतू दाटतात आणि एकदा दाटले की सहसा मागे फिरत नाहीत. म्हणून ही सवय आधीच सुटायला हवी. खानदेशातल्या शिरपूरला 1992 पासून आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र संस्था आहे, तिथे नाकाच्या अस्तराला चिकटणाऱ्या जेलवर संशोधन झाले आहे. चोपडा आणि फैजपूरलाही फार्मसी महाविद्यालये आहेत. कांडोळाचा सातपुडा तिथून जवळच. तंबाखू सोडवणारी, परवडेल अशी गोळी याच पट्ट्यात घडावी, आणि तिच्यासाठी डिंक काढणाऱ्या पावरा-भिल्ल कुटुंबांना झाड न मारता डिंक काढण्याची रीत आणि रास्त भाव, दोन्ही मिळावे.